अहवालावरची चांदणी काय सांगते?

रक्ततपासणीचा अहवाल तुम्ही पाहिलाच असेल. डावीकडे तपासणीचे नाव, मध्ये आकडा आणि उजवीकडे त्या आकड्याचा नेहमीचा पल्ला. एखादा आकडा त्या पल्ल्याबाहेर गेला की तो ठळक छापलेला असतो, नाहीतर त्याच्याशेजारी एक चांदणी असते. पूर्वी हा कागद पाकिटातून डॉक्टरांकडे जात असे. आता तो बहुधा थेट घरच्या मोबाइलवर येतो, आणि पुष्कळ घरांत तो सर्वांत आधी उघडतो तो शाळकरी मुलगा किंवा मुलगी. आई विचारते, "काय आलंय रे?" आणि त्याच्या नजरेला पहिल्यांदा ती चांदणीच पडते.

डॉक्टरांची भेट परवा असते. मधल्या दोन दिवसांत घरातले बोलणे कमी होते, इंटरनेटवर शोधाशोध सुरू होते, आणि जी काळजी करायला हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त काळजी केली जाते. काही घरांत याच्या अगदी उलट घडते. "यंत्राची चूक असेल," असे म्हणून अहवाल कपाटात जातो. या दोन्ही वागण्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. चांदणी म्हणजे निकाल, असे आपण धरून चालतो. वास्तविक चांदणी हा एक प्रश्न असतो. तो नीट कसा वाचावा आणि उत्तर येईपर्यंत काय करावे, हे आपण या लेखात पाहू.

पल्ला कोणी ठरवला?

अहवालात छापलेला पल्ला आकाशातून पडलेला नाही. तो ठरवण्याची रीत साधारण अशी आहे. निरोगी दिसणारी बरीच माणसे, निदान १२० तरी, निवडायची. त्यांचे रक्त तपासायचे. आलेले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे. मग खालच्या टोकाचे अडीच टक्के आणि वरच्या टोकाचे अडीच टक्के आकडे बाजूला काढायचे. उरलेल्या मधल्या ९५ टक्के आकड्यांची सुरुवात आणि शेवट म्हणजे तो पल्ला. फिनलंडमधील ग्रासबेक आणि सारिस या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये 'नॉर्मल' या शब्दाऐवजी 'संदर्भ' हा शब्द सुचवला, तो याच कारणाने. हा पल्ला तुलनेसाठी आहे. त्याच्या आतला तो निरोगी आणि बाहेरचा तो आजारी, असा त्याचा अर्थ नाही.

आता जरा विचार करा. ज्या माणसांवरून पल्ला ठरवला ती सगळी निरोगीच होती. तरीही त्यांतल्या शंभरातल्या पाच जणांना आपण स्वतःच्या हाताने पल्ल्याबाहेर काढले! म्हणजेच एका तपासणीत निरोगी माणसाला चांदणी मिळण्याची संभाव्यता पाच टक्के आहे, आणि ती आपल्या व्याख्येतूनच आलेली आहे.

एका तपासणीचे हे झाले. पण 'संपूर्ण तपासणी' म्हणून एकाच वेळी वीस-वीस गोष्टी मोजल्या जातात. एका तपासणीत चांदणी न मिळण्याची संभाव्यता ०.९५. वीसही तपासण्यांत ती न मिळण्याची संभाव्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. याचा अर्थ, वीस तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाच्या अहवालावरही निदान एक चांदणी येण्याची संभाव्यता सुमारे ६४ टक्के! (या हिशेबात तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असे धरले आहे. प्रत्यक्षात त्या काही प्रमाणात एकमेकींशी निगडित असतात, त्यामुळे आकडा थोडा बदलेल. मुद्दा बदलणार नाही.)

विश्वास बसत नसेल तर करून पाहा. एका डब्यात वीस चिठ्ठ्या टाका. एकीवर चांदणी काढा. डबा हलवून एक चिठ्ठी उचला, पाहा, परत टाका. असे वीस वेळा करा. दहा मित्रांनी हा प्रयोग केला, तर बहुधा सहा-सात जणांच्या हाती चांदणी एकदा तरी लागेल.

येथे एक सावधगिरी हवी. सगळे पल्ले या रीतीने ठरलेले नसतात. रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल यांच्या सीमा 'किती आकड्यापुढे धोका वाढतो' हे पाहून ठरवल्या आहेत. उपाशीपोटी साखर १०० मिलिलिटर रक्तद्रवात १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल, तर मधुमेहाचा विचार होतो. परंतु तेथेसुद्धा नियम असा आहे की रोगाची लक्षणे नसतील तर एका अहवालावर निदान करायचे नाही. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीने खात्री करायची.

वाचन डगमगते

दुसरी तपासणी कशासाठी? याचे उत्तर तुम्हांला शाळेच्या प्रयोगशाळेतच सापडेल. स्क्रूगेजने तारेची जाडी मोजताना आम्ही विद्यार्थ्यांना एका वाचनावर थांबू देत नाही. पाच-सहा ठिकाणी मोजा, सरासरी काढा, असे सांगतो. तार तीच, हात तोच, तरी वाचने थोडी वेगळी येतात. तार तर बिचारी निर्जीव आहे. रक्त हे जिवंत, वाहते द्रव्य. त्याचे वाचन डगमगेल यात नवल ते काय?

प्रौढ स्त्रीच्या हीमोग्लोबिनची सीमा १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम अशी धरतात. म्हणजे ११.९ ला चांदणी, १२.० ला नाही. पण निरोगी माणसाचे हीमोग्लोबिन काही कारण नसतानाही सुमारे तीन टक्क्यांनी वरखाली होत असते. १२ चे तीन टक्के म्हणजे ०.३६. जेथे मोजायची वस्तूच ०.३६ ने हलते आहे, तेथे ०.१ च्या फरकाला किती महत्त्व द्यायचे, हे तुम्हीच ठरवा. ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातील चरबी तर एकाच माणसात वीस टक्क्यांच्या आसपास वरखाली होते.

याशिवाय रक्त यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी वाटेत काय काय घडते ते पाहा. रक्त नळीत काढले तरी त्यातील पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. रक्त तसेच ठेवले तर खोलीच्या तापमानाला दर तासाला साखर सुमारे ५ ते ७ टक्के कमी होते. म्हणून साखरेच्या नळीत फ्लोराइड घालतात, आणि रक्त लवकर वेगळे करतात. पोटॅशियमचे याच्या उलट. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या द्रवाच्या वीसपटींहून अधिक असते. रक्त काढताना किंवा नेताना काही पेशी फुटल्या, तर ते बाहेर सांडते आणि शरीरात नसलेली वाढ अहवालात दिसते. आदल्या दिवशी कबड्डीचे सामने खेळून आलेल्या मुलाच्या रक्तात स्नायूंमधील काही विकरे वाढलेली आढळतात. इतकेच काय, माणूस आडवा आहे की उभा, यानेही फरक पडतो. उभे राहिले की पायांच्या केशवाहिन्यांतील द्रवाचा दाब वाढतो, थोडे पाणी बाहेर झिरपते आणि मागे राहिलेली प्रथिने दाट होतात. ही तर सरळ भौतिकी झाली!

म्हणून डॉक्टर जेव्हा "पुन्हा एकदा तपासू" म्हणतात, तेव्हा ते टाळाटाळ करत नसतात. ते दुसरे वाचन घेत असतात.

दुसऱ्या वाचनाची एक गंमत लक्षात ठेवा. पहिले वाचन खूप टोकाचे असेल, तर दुसरे बहुधा मधल्या आकड्याकडे थोडे सरकलेले येते. टोकाच्या वाचनात योगायोगाचाही वाटा असतो, आणि तोच योगायोग दुसऱ्यांदा तितक्याच जोराने येत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडिलांच्या व मुलांच्या उंचीवरून हा प्रकार दाखवून दिला. आता समजा, दोन तपासण्यांच्या मध्ये कोणी आठ दिवस एखादा काढा घेतला आणि दुसरा आकडा सुधारला. श्रेय कोणाला मिळेल? अर्थातच काढ्याला! पण काढा न घेता काय झाले असते, हे पाहिल्याशिवाय असा निष्कर्ष काढता येत नाही.

गढूळ नळीची गोष्ट

आता एक खरे उदाहरण घेऊ. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत राहणाऱ्या तुमच्यापैकी काहींनी ते शाळेतच पाहिले असेल. ते म्हणजे सिकलसेलची तपासणी. भारतात या विकाराची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे एक उद्दिष्ट आहे.

हीमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागेवरचे अमिनो आम्ल बदलले की 'एस' प्रकारचे हीमोग्लोबिन तयार होते. ऑक्सिजन काढून घेतला की ते विरघळलेले राहत नाही. शाळेत होणाऱ्या विद्राव्यता चाचणीचा पाया हाच. बोटातून काढलेले थोडे रक्त एका रासायनिक द्रावणात टाकतात. द्रावण पेशी फोडते आणि ऑक्सिजन काढून घेते. मग काळ्या रेघा असलेला कागद नळीमागे धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर 'एस' नाही. द्रव गढूळ होऊन प्रकाश विखुरला आणि रेघा दिसेनाशा झाल्या, तर 'एस' आहे असे समजतात.

पण किती आहे? हे नळी सांगत नाही! आई-वडिलांपैकी एकाकडूनच 'एस'चे जनुक आले असेल तर ते मूल वाहक असते. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोघांकडून आले असेल तर सिकलसेलचा आजार असतो आणि त्याला नियमित उपचार लागतात. दोघांचीही नळी गढूळच दिसते. शिवाय सहा महिन्यांखालील बाळात, किंवा नुकतेच रक्त दिलेल्या रुग्णात, 'एस' असूनही नळी स्वच्छ दिसू शकते. म्हणून गढूळ नळीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी, वेगळ्या तत्त्वावरची तपासणी करतात. तीत 'ए' आणि 'एस' यांचे प्रमाण वेगवेगळे मोजता येते. पहिली तपासणी ही चाळणी आहे. धान्य चाळले म्हणजे निवडून झाले असे कोणी म्हणत नाही.

आता महत्त्वाचा हिशेब. सोयीसाठी असे धरू की ही चाचणी 'एस' असलेल्या प्रत्येकाला पकडते, पण 'एस' नसलेल्या शंभरांपैकी एकाची नळी चुकून गढूळ दाखवते. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत.) पहिल्या गावात हजार माणसांत शंभर जणांच्या रक्तात 'एस' आहे. तेथे त्या शंभरांच्या नळ्या गढूळ होतील, आणि उरलेल्या ९०० पैकी नऊ जणांच्या चुकून. एकूण १०९ गढूळ नळ्यांत १०० खऱ्या. दुसऱ्या गावात हजारांत फक्त पाच जणांत 'एस' आहे. तेथे पाच नळ्या खऱ्या, आणि उरलेल्या ९९५ पैकी सुमारे दहा चुकीच्या. पंधरा गढूळ नळ्यांत खऱ्या पाचच!

चाचणी तीच, नळी तीच, गढूळपणाही तोच. पण पहिल्या गावात तिचा अर्थ 'जवळजवळ नक्की' असा होतो, आणि दुसऱ्या गावात 'तिघांत एक' असा. हा विचार मांडणारा थॉमस बेझ यांचा लेख त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर तुमचे गाव विचारतात, घरात कोणाला असा त्रास आहे का विचारतात, सांधे दुखतात का विचारतात, ते गप्पा म्हणून नव्हे. आकड्याचा अर्थ लावायला ती माहिती लागतेच.

हा हिशेब उलट बाजूनेही वापरायला शिका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा तुमच्या वर्गातील एखाद्या मुलीच्या हीमोग्लोबिनवर चांदणी आली, तर ती योगायोगाची म्हणून सोडून देऊ नये. जेथे गोष्ट मुळातच पुष्कळांना आहे, तेथे चांदणी बहुधा खरे बोलते.

पिशवी आणि माणूस

रक्तपेढीत काय घडते ते पाहिले की आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या देशात दान केलेल्या रक्ताच्या प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी होते : एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया. चाळणीत शंका आली की ती पिशवी वापरत नाहीत, नष्ट करतात. पण तेवढ्यावरून रक्तदात्याला रोग आहे असे ठरवत नाहीत. त्याला पुढील तपासणीसाठी पाठवतात.

एकाच आकड्यावर असे दोन निर्णय का? चुकीची किंमत वेगळी आहे म्हणून. चांगली पिशवी चुकून फेकली तर एका पिशवीचे नुकसान. वाईट पिशवी चुकून वापरली तर एका रुग्णाचे आयुष्य पणाला. म्हणून पिशवीच्या बाबतीत संशय पुरेसा होतो. माणसावर चुकून शिक्का बसला, तर त्याची नोकरी, लग्न, घरातले स्वास्थ्य सारे हादरते. तेथे संशय पुरत नाही, खात्री लागते. संशयावर सावधगिरी बाळगावी, शिक्का मात्र मारू नये, हे या व्यवहारातून शिकण्यासारखे आहे.

मधल्या दिवसांत काय करावे?

अहवाल आला आहे आणि उत्तर यायचे आहे. अशा वेळी एक वही घ्या आणि तीन रकाने पाडा : काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि ते कधी कळेल. पहिल्या रकान्यात आकडा, एकक आणि त्या प्रयोगशाळेचा पल्ला लिहा. आकडा सीमेच्या किती बाहेर आहे, अगदी कुंपणाला लागून की फार दूर, तेही लिहा. मागचे अहवाल असतील तर तीच तपासणी शोधा. दोन वर्षे तेवढाच असलेला आकडा आणि तीन महिन्यांत दुप्पट झालेला आकडा यांचा अर्थ एक नाही. रक्त काढले त्या दिवशी ताप होता का, औषध चालू होते का, उपास होता का, हेही टिपून ठेवा. दुसऱ्या रकान्यातून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपोआप तयार होतात. तिसऱ्या रकान्यात तारीख येते. काळजी त्याने नाहीशी होत नाही, पण तिला शेवट असल्याचे दिसू लागते.

इंटरनेटवर शोधलेत तर एवढे ध्यानात ठेवा. तेथे एका चांदणीची दहा कारणे दिसतील, पण त्यांचा क्रम संभाव्यतेप्रमाणे नसतो. सर्दीएवढे साधे कारण आणि लाखात एखाद्याला होणारा रोग शेजारी शेजारी छापलेले असतात. तुमच्या घरचे गाव, वय, लक्षणे यांतले काहीच त्या यादीला ठाऊक नसते.

चालू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, नवे सुरू करू नका. घरात कोणाशी बोलायचे ते ठरवा आणि त्याच्याशी मोकळेपणाने बोला. पण अहवाल साऱ्या आळीला दाखवत फिरू नका. सिकलसेलसारखा अहवाल एकट्याचा नसतो. तो भावंडांविषयीही काही सांगत असतो. वर्गात कोणाची नळी गढूळ आली म्हणून त्याला चिडवणे तर अज्ञानाचे आणि निर्दयपणाचे लक्षण होय.

काही वेळा मात्र वाट पाहायची नसते. १९७२ मध्ये अमेरिकेतील लुंडबर्ग या डॉक्टरांनी असे सुचवले की काही आकडे इतके टोकाचे असतात, की प्रयोगशाळेने अहवाल छापण्याची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांना कळवावे. आज चांगल्या प्रयोगशाळांत तशी पद्धत आहे. असा निरोप आला, किंवा धाप लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, रक्तस्राव न थांबणे असे काही घडले, तर वही मिटा आणि थेट दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या तपासणीनंतरही कधी कधी पक्के उत्तर मिळत नाही. "तीन महिन्यांनी पुन्हा पाहू," असे डॉक्टर म्हणतात. तेव्हा काहीच कळले नाही असे समजू नका. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. तीन महिन्यांत रक्तातील बहुतेक तांबड्या पेशी बदलून गेलेल्या असतात. तेवढ्या काळात आकडा कोणत्या दिशेने सरकला, हे एका दिवसाच्या कोणत्याही यंत्राने सांगता येत नाही. ते काळच सांगतो. मधल्या काळात शाळा, खेळ, जेवण, झोप सारे नेहमीसारखे चालू ठेवावे. वाट पाहणे हाही तपासणीचाच एक भाग आहे.

वर्गात करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग करा. प्रत्येकाने आठवडाभर रोज त्याच वेळी, पाच मिनिटे स्वस्थ बसून, आपली नाडी मिनिटभर मोजावी आणि फळ्यावर लिहावी. सगळे आकडे ओळीने मांडून मधल्या ९५ टक्क्यांचा पल्ला काढा. मग पाहा, आठवड्यात एकदा तरी 'चांदणी' मिळालेले किती विद्यार्थी निघतात, आणि त्यांतले किती जण दुसऱ्या दिवशी पल्ल्यात परत येतात. जे परत येत नाहीत, त्यांच्याविषयी पुढे काय विचारायला हवे, यावर वर्गात चर्चा करा.

जाता जाता एक गणित. वीसऐवजी तीस तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाला निदान एक चांदणी मिळण्याची संभाव्यता किती? उत्तर ७८ ते ७९ टक्क्यांच्या दरम्यान यायला हवे.